मागची माणसं

तिचं खरं नाव लिगाया.
पूर्व भागातल्या आमच्या बोळात पहिल्याच आठवड्यात
त्याचं लिंगव्वा झालं,
आणि रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी.

सव्वीस वर्षं दवाखान्यात रात्रपाळी केली.
अर्ध्या गल्लीची नाळ तिच्या कात्रीनं कापलेली.
आता रिटायर.
दुपारी पडदे ओढते, कूलरमध्ये मोजून एक घागर ओतते
आणि भिंतीपलीकडून हाक मारते,
"अक्का, ये. लागला."

मी सूप मांडीवर घेऊन बसते.
पान भिजलेलं असतं, हजार विड्या व्हायच्याच असतात,
इथं झाल्या काय, तिथं झाल्या काय.
ती लसूण घालून शेंगदाणे तळते.
लक्ष्मीपती भाऊजी खाटेवर, चादरीत.
दमामला हिला बघून झोप उडाली होती म्हणे त्यांची,
आता नावांच्या पाट्या संपायच्या आत घोरतात.

सिनेमे तिच्याकडचे, जुने, रंग गेलेले.
आमच्या चादरीचा रंग असा जात नाही, हे मी दर वेळी सांगते.
बोलणं मला कळत नाही.
"मलापण सगळं नाही," ती म्हणते.
"ही शाळेतली भाषा. घरची वेगळी."
घरात तेलुगू, दारात मराठी, नळावर कन्नड बोलणारीला
हे समजावून सांगावं लागत नाही.

पण एक गोष्ट लक्षात यायला माझा अख्खा उन्हाळा गेला.
हिरो रडत असला
तरी ती त्याच्याकडं बघत नाही.
त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघते.
सायकलवाला, पाववाला, कुणाचं तरी कुत्रं,
चर्चच्या पायरीवर बसलेली पोरं.
थांबवते. उठून काचेला नाक लावते.
"नाही," म्हणते. मग पुढं.

विचारलं तेव्हा म्हणाली,
अकरा वर्षांची होते, गावात शूटिंग आलं.
गावाचं नाव मियागाव.
(मी हसले. गाव काही तिथंही सुटलं नाही.)
गर्दी पाहिजे म्हणून बायकांना रस्त्यानं चालायला लावलं,
माणशी एक पाव आणि सरबत.
आई त्यात होती. माग सोडून आलेली, पिवळी छत्री घेऊन.
सिनेमाचं नाव कुणी सांगितलं नाही.
गावात तो कधी लागलाच नाही.
आणि आईचा एक फोटो होता, तो वादळात गेला.

"माग?" मी म्हणाले.
"माग," ती म्हणाली, आणि हवेतच धोटा फेकून दाखवला.
माझ्या सासूचा उजवा खांदा मरेपर्यंत खाली होता.

तेव्हापासून मीपण बघते.
हिरोइन बुडाली की वाचली, मला पत्ता नाही.
मी खांदे बघते.

परवा छत्री दिसली.
पिवळी की पांढरी, त्या रंगांचा काय भरवसा.
पाठमोरी बाई, एक खांदा उतरलेला,
वळायच्या बेतात.
तिनं थांबवलं.
माझ्या बोटांत विडी अर्धी.
"खांदा बघ," मी म्हणाले.
ती काहीच बोलेना.
आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

पाचव्या दिवशीचं पाणी, तासभर.
त्याला थांबवायचं बटण नाही.
पळालो. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरला.
नळीवरून भूदेवीशी भांडण झालं, ते मी केलं,
ती नुसती नळी धरून उभी,
पिंप भरून वाहायला लागलं तरी.

परत आलो तर टीव्ही आपोआप विझलेला.
भाऊजी जागे. "संपला का गं?"
तिनं ओल्या हातानं रिमोट उचलला,
गाऊनला पुसला,
परत ठेवला.
"चहा करू आधी," म्हणाली.
"ती तिथंच आहे. कुठं जाते."

मी अर्धी विडी वळली, दोरा गुंडाळला.
सातशे चाळीस.